बोटीवरून उतरता येत नाही

१३ जानेवारी

आईंनी मेथी निवडता निवडता सांगितलं. अगदी सहज. "वैशाली म्हणत होती, माझं सहस्रचंद्रदर्शन कॅरिबियनला करू या. प्रायव्हेट बोट घेऊन. सगळे मिळून."

सगळे म्हणजे कोण, मी विचारलं.

"सगळे म्हणजे सगळे. तुम्ही तिघं, ती दोघं आणि मी."

समीर आणि नितीन एका बोटीवर! सख्खे भाऊ, पण सहा वर्षांत एका खोलीतही आलेले नाहीत. बाबा गेले तेव्हा नितीन-वैशाली पुण्यात होते आणि समीर विमानात. हा घरी पोचला तेव्हा सगळं उरकलेलं. थोरला हा, पण अग्नी दिला धाकट्यानं. "माझ्यासाठी थोडं थांबता आलं नाही?" एवढंच समीरनं विचारलं होतं. नितीननं उत्तर दिलं नाही. तेव्हापासून बोलणं बंद. दोघेही अमेरिकेत, पण दोन टोकांना. आई उन्हाळा आयसेलिनला त्यांच्याकडे काढतात, थंडी इथे चँडलरला आमच्याकडे, आणि दोघा भावांचे निरोप त्यांच्यामार्फत जातात-येतात.

आणि आता जाऊबाईंना बोट पार्टी सुचते. उगाच नाही.

१४ जानेवारी

संक्रांतीचा वै.चा फोन. तिळगूळ घ्या, गोड बोला, आमच्या इराचं कॉलेज अॅप्लिकेशन कुठवर आलं, सगळं झालं. मग म्हणाली, "मृणालताई, बोटीचं आई म्हणाल्या. मस्त आयडिया आहे हं."

स्वतःच्याच आयडियेला मस्त म्हणणारी बाई! मीही म्हटलं, हो, छानच आहे. आवाज गोड ठेवला. तिचाही गोड होता. जरा जास्तच.

स.ला सांगितलं. वाटलं होतं, भांडेल. लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणाला, "आईची इच्छा आहे ना? मग जाऊ."

एवढं सोपं? या माणसानं सहा वर्षं भावाचा फोटोसुद्धा लाइक केलेला नाही.

२२ जानेवारी

फॅबमध्ये दिवसभर चिपमधल्या डिफेक्टचं मूळ शोधायचं, घरी येऊनही तेच. माझी थिअरी अशी: नितीन-वै. घर विकतायत. मागे आई म्हणाल्या होत्या, ते लोक टाउनहाऊस बघतायत म्हणून. तीन मजले, सगळे जिने. म्हणजे आई कायमच्या इकडे. हे फोनवर सांगितलं तर मी चार प्रश्न विचारीन. बोटीवर, केक कापताना, सगळ्यांसमोर जाहीर केलं की मी काय करणार? हसून टाळ्या वाजवणार.

आई मला जड नाहीत. हे लिहून ठेवते, कारण उद्या भांडण झालं तर लोक तेच म्हणतील. मला न विचारता ठरलेलं जड जातं.

३० जानेवारी

बेट ठरलं, सेंट थॉमस, अमेरिकेच्याच ताब्यातलं. आईंकडे ग्रीन कार्ड आहे, तिथे पासपोर्ट-व्हिसाचा प्रश्नच नाही. बोटीचं मात्र हलत नव्हतं. वै. लिंक पाठवते, खाली "तुम्ही म्हणाल तसं." मी लिंक पाठवते, "तुला आवडेल ती." दोघींपैकी कोणी बुक करेना. शेवटी आज लंचमध्ये मीच केलं. कॅटमरान आहे, दोन होड्या जोडल्यासारखी, रुंद, त्यामुळे कमी डोलते म्हणे. एक कॅप्टन, एक मदतनीस. सकाळी निघायचं, कासवांच्या खाडीत स्नॉर्कलिंग, बोटीवरच जेवण, संध्याकाळच्या आत परत. दुसरं कोणी नाही, फक्त आपण.

वै.चा लगेच थम्ब्स अप आला. नुसता. आयडिया तिची, धावपळ माझी.

रात्री जेवताना आईंनी विचारलं, "बोट एकदा निघाली की मध्ये कोणाला उतरायचं असलं तर?"

"नाही उतरता येत, आई. परत आल्यावरच."

"बरं," म्हणाल्या आणि आमटी वाढून घेतली.

हे "बरं" मला आवडलं नाही.

९ फेब्रुवारी

घरी आले तर बाथरूममधून घरघर. बघते तर टब भरलेला, आई साडी खोचून स्टुलावर, तोंडावर निळा मास्क, नळी वर आणि डोकं पाण्यात. शेजारी इरा गुडघे टेकून, "आजी, ब्रीद थ्रू युअर माउथ! नाकानं नाही!"

डोकं वर काढून आई खोकल्या आणि हसल्या. केस निथळत होते. म्हणाल्या, "कृष्णेत पोहत होते मी लहानपणी. वाईला. पाण्याची काय भीती!"

इरा म्हणते, "मॉम, शी इज लिटरली ऑब्सेस्ड." टॅबलेटवर आजीला व्हिडिओ लावून देते.

गुडघ्यांसाठी पूलमध्ये चला म्हणून मी दोन वर्षं मागे लागले होते, तेव्हा "आता या वयात कुठं" म्हणायच्या. आता काय झालं?

१७ फेब्रुवारी

आईंच्या खोलीचं दार लोटलेलं. आत फोन चालला होता. ऐकायचं नव्हतं, पण लाँड्री बास्केट हातात होती आणि पाय थांबले. "...नाही, तू काही बोलायचं नाहीस. मी बोलीन. तू फक्त गप्प बसायचंस."

मी टॉवेल घेऊन आत गेले तर आवाज बदलला. "हो हो, इकडेही छान ऊन पडलंय."

कोणाचा फोन, विचारलं. "नितीनचा."

नितीननं गप्प का बसायचं? म्हणजे घराचं नक्की आहे. आणि ते आईच सांगणार, म्हणजे मला नाही म्हणायची सोयच नाही. स.ला सांगितलं. म्हणाला, तुला सगळीकडे कट दिसतात. मग थोडा वेळ गेल्यावर, "नक्की काय म्हणाली आई?"

२६ फेब्रुवारी

कॅप्टनची ईमेल. बाई आहे, तिथलीच. बोटीवर उघडी ज्योत चालणार नाही. औक्षण बॅटरीच्या दिव्यांनी. आई म्हणाल्या, "चालेल, चंद्रालाही कुठे तेल लागतं." प्रवाळाला चालेल असंच सनस्क्रीन आणा. पोहता न येणारं कोणी आहे का?

नितीनला येत नाही. ते मला लिहावं लागलं. त्याच्याशी फोनवर बोलायलाही लागलं. "वहिनी, मी वरच बसेन, कॅमेरा धरीन." आवाज थकलेला. विचारलं, घराचं काय म्हणतोस? "कुठल्या घराचं?"

खरंच माहीत नसल्यासारखा म्हणाला. किंवा माणूस तयार झालाय.

१४ मार्च

सेंट थॉमस. व्हिला डोंगरावर, खाली निळं-हिरवं पाणी, पोस्टकार्डासारखं. बघायला वेळ झाला नाही, कारण नितीन-वै. आमच्या आधी पोचलेले आणि दार नितीननंच उघडलं.

सहा वर्षांत त्याचे केस पूर्ण पांढरे झालेत. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. स.लाही नसावं. तो उंबऱ्यात बॅग धरून उभाच राहिला.

"ये, दादा."

"हं." आणि बॅग घेऊन आत. बस.

जेवताना टेबलाच्या दोन टोकांना दोघे. "मीठ दे" सुद्धा इरामार्फत. आईंनी सगळ्यांना वाढून घ्यायला लावलं, स्वतः काही खाल्लं नाही.

१५ मार्च

बोटीसाठी सामान आणायला मी आणि वै. गावात गेलो. सुपरमार्केटमध्ये, कलिंगडांपाशी, तिनं ट्रॉली थांबवली.

"मृणालताई, एक विचारू? रागावू नका. हे बोटीचं तुम्ही का काढलंत?"

मी म्हटलं, मी?

"म्हणजे कौतुकच आहे. पण आम्ही गेले दोन महिने विचार करतोय, यांच्या मनात काय आहे? नितीन तर झोपत नाही. त्याला वाटतं, दादा सगळ्यांसमोर त्याला जाब विचारणार आहेत. तुम्ही घडवून आणताय."

"वैशाली, बोट तू काढलीस. आई म्हणाल्या तसं."

"मला त्या म्हणाल्या तुम्ही काढलीत."

दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. एक बाई "एक्स्क्यूज मी" म्हणत मध्ये हात घालून कलिंगड घेऊन गेली. मग वै.ला हसू फुटलं आणि मलाही. किती वर्षांनी ही अशी हसलेली पाहिली. आयसेलिनचं घर विकतायत का, तेही विचारून घेतलं. विकत नाहीयेत. बघत होते ते टाउनहाऊस तिच्या बहिणीसाठी.

परत येताना गाडीत मात्र हसू ओसरलं. कारण प्रश्न तसाच. आईंनी आम्हा दोघींना खोटं सांगून ही बोट का ठरवून घेतली?

१७ मार्च

काल लिहिलं नाही. बोट काल होती.

सकाळ छान गेली हे आधी लिहिते, नाहीतर विसरेन. कॅप्टननं शिडी सोडली. इरा आणि मदतनीस दोन बाजूंना, मध्ये आई, लाइफ जॅकेटमध्ये पिवळ्या फुग्यासारख्या. पाण्यात तोंड घातलं आणि त्या एकदम शांत झाल्या. मीही शेजारी. खाली गवत हलत होतं आणि त्यात एक मोठं कासव चरत होतं, आमच्याकडे ढुंकूनही न बघता. आईंनी माझा हात धरला आणि दाबला. वर आल्यावर म्हणाल्या, "किती निवांत आहे गं ते." डोळे लाल. मिठाच्या पाण्यानं असेल.

मग जेवण मांडलं. आम्ही दोघी सुनांनी बॅटरीचे दिवे लावून ओवाळलं, इरानं फोटो काढले. केक कापला. स. एका कडेला, नितीन दुसऱ्या. कॅप्टन पुढे चाकापाशी.

आई म्हणाल्या, "समीर, इकडे बस. माझ्यासमोर. नितीन, तूही."

दोघे बसले.

"बाबा गेले त्या दिवशी नितीन थांबू या म्हणत होता. दादा येऊ दे म्हणत होता. मी म्हटलं, नको. आत्ताच्या आत्ता न्या. मी सांगितलं. त्याचं काही नाही त्यात."

स.नं केकची प्लेट खाली ठेवली.

स. म्हणाला, "का?"

"बर्फावर ठेवलेलं मला बघवेना. आणि तू येऊन कोसळला असतास. तुला सांभाळायची ताकद माझ्यात नव्हती."

"आणि सहा वर्षं हे सांगितलं नाहीस?"

"तू मला इकडे घेऊन आलास. एवढं करतोस. सांगितलं असतं तर केलं असतंस?"

स.चा चेहरा मी एकोणीस-वीस वर्षं बघतेय. असा नाही पाहिला. तो नितीनकडे वळला. "तू का नाही बोललास?" नितीन मान खाली घालून.

मग स. उठला, मास्क घातला, पायात फिन्सही न घालता पाण्यात उडी. कॅप्टन ओरडली, "सर!" इरा रडायला लागली, "व्हॉट इज हॅपनिंग?" मी तिला जवळ घेतलं.

आई म्हणाल्या, "नितीन, जा."

"आई, मला पोहता..."

"जॅकेट आहे. जा."

आणि गेला! शिडीवरून पाठमोरा, मदतनीसानं खालून धरलं. वै. कठड्याला घट्ट धरून उभी. नितीन हात मारत मारत निघाला, म्हणजे जागच्या जागीच. स.नं वळून पाहिलं. थांबला. मग परत आला आणि त्याच्या जॅकेटचा पट्टा धरला. किती तरी वेळ दोघे तिथे तरंगत होते, एक पालथा, एक उताणा. बोलले का, माहीत नाही. वाऱ्यानं ऐकू येत नव्हतं.

वर आल्यावर नितीननं त्याला टॉवेल दिला. त्यानं घेतला. दोघे एका बाकावर बसून गार झालेला पुलाव खात होते.

आईंकडे स.नं परतीच्या अख्ख्या वाटेत पाहिलं नाही.

१८ मार्च

परतीचं विमान. आई माझ्या शेजारी, खिडकीत. स. मागच्या रांगेत. मी विचारलं, आई, आधी मला तरी सांगायचं. म्हणाल्या, "घरी सांगितलं असतं तर तो गाडी काढून निघून गेला असता. मग मी कोणाशी बोलले असते?"

मग डोळे मिटून घेतले.

२९ मार्च

स. गॅरेजमध्ये फोनवर. आठवड्यात तिसऱ्यांदा. मधूनच हसतो. नितीनशी! लहानपणीच्या कुठल्या तरी मास्तरांची नक्कल चालली होती. मी दारामागे उभी राहून ऐकलं. किती बरं वाटलं.

पण आत येतो आणि आईंच्या खोलीवरून सरळ पुढे जातो. पूर्वी ऑफिसमधून आला की आधी तिथे पाच मिनिटं बसायचा. आता "आईला औषध दिलंस का?" मला विचारतो. आई समोर असताना.

आई आता ताट घेऊन खोलीत जेवायला लागल्यात. "टीव्ही बघत जेवते" म्हणतात. टीव्ही बंद असतो.

६ एप्रिल

वै.चा फोन, मी पार्किंग लॉटमध्ये असताना. म्हणाली, "ताई, गाडीत एकट्या आहात ना?"

ती म्हणते ते असं. बाबा गेले त्या दिवशी आईंची अवस्था वाईट होती. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि त्यांना शेजारच्या काकूंकडे झोपवलं. वै. त्यांच्या उशाशीच होती. आई थेट संध्याकाळी जाग्या झाल्या आणि पहिलं वाक्य, "समीर आला का?" तोवर सगळं आटपलं होतं.

"मग न्या म्हणून कधी सांगितलं त्यांनी?"

"तेच तर. मी मध्ये थोडा वेळ खाली गेले होते, पाहुण्यांना चहा द्यायला. तेवढ्यात म्हणाल्या असतील तर मला माहीत नाही. पण ताई, त्यांना शुद्ध नव्हती हो."

"नितीनला विचारलंस?"

"विचारलं. म्हणाला, आई म्हणाली ना? मग झालं. आणि ताई, तो त्यानंतर नीट झोपायला लागलाय. म्हणून मी आणखी विचारत नाही."

एसी चालू, बाहेर ऊन पांढरं. "तू फक्त गप्प बसायचंस." आईंचा तो नितीनला फोन, मी टॉवेल घेऊन आत गेले त्या दिवशीचा.

म्हणजे आईंनी केलेलंच नाही? की केलंय आणि वै.ला माहीत नाही? नितीननं घाबरून घाई केली, लोक म्हणाले तसं केलं, आणि आता आई ते स्वतःवर घेतायत?

स.ला सांगितलं तर भाऊ पुन्हा तुटतील. या वेळी कायमचे. नाही सांगितलं तर आई बंद टीव्हीसमोर जेवतायत, आणि कदाचित कशासाठीच नाही.

८ एप्रिल

आज विचारलं. इरा शाळेत, स. मीटिंगमध्ये वर. आई कोथिंबीर निवडत होत्या. मी समोर बसले, म्हटलं, "आई, खरं सांगा. त्या दिवशी तुम्ही खरंच म्हणाला होता का, न्या म्हणून?"

हात थांबले नाहीत. "वैशालीचा फोन होता वाटतं."

"तुम्ही झोपेत होता म्हणाली."

"झोपेत माणूस बोलत नाही का?"

"आई, समीर तुमच्याशी बोलत नाहीये."

"बोलेल. माझ्याशी न बोलता किती दिवस राहील? पोरगं माझं आहे. भावाशी मात्र सहा वर्षं राहिला." देठ बाजूला काढले. "मी ऐंशीची आहे, मृणाल. ते दोघे अजून पुष्कळ जगायचेत."

हे उत्तर झालं का? मला अजून कळत नाही.

९ एप्रिल

संध्याकाळी तीन आठवड्यांत झालं नाही ते झालं, म्हणजे स. आपणहून आईंच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. बसला नाही. फोन हातात. मी हॉलमध्ये कपड्यांच्या घड्या घालत होते, सगळं दिसत होतं.

"आई, नितीनशी बोलत होतो आत्ता. त्याला आठवत नाहीये. बाबांना नेलं तेव्हा अंगावर काय होतं?"

आईंनी वर पाहिलं. मुलगा तीन आठवड्यांनी थेट बोलला, म्हणून चेहरा आधी उजळला. मग प्रश्न पोचला.

माझ्या हातातला शर्ट तसाच राहिला.

"तो मोतिया रंगाचा झब्बा," आई म्हणाल्या. सावकाश. "तू लग्नात घेतलेला त्यांना. मीच काढून दिला कपाटातून."

स.नं फोन खिशात टाकला. "हं," म्हणाला. मग आत गेला आणि पलंगाच्या कडेला बसला. दार लोटून घेतलं. आत बोलण्याचा आवाज येत होता, हळू. शब्द कळत नव्हते.

त्याला खरंच डोळ्यांसमोर आणायचं होतं, की तो तपासत होता? नितीन तिथे होता, त्यानंच अग्नी दिला, आणि त्याला आठवत नाही?

वै.ला ठाऊक असणार, चहा द्यायला खाली गेली होती तेव्हा पाहिलं असेल. मेसेज लिहिलाय, "त्या दिवशी बाबांच्या अंगावर काय होतं गं?" एवढाच.

पाठवलेला नाही. आतून दोघांचा आवाज अजून येतोय.